आईच्या शेगडीसाठी चिप

३ मार्च, सोमवार

बायकोने फर्मान काढलं आहे, जेवताना ‘चिप’ हा शब्द काढायचा नाही. लेकही तिच्याच पक्षात. म्हणून ही डायरी. इथे मला कोणी अडवू शकत नाही.

विषय आईच्या गॅसचा आहे. गेल्या महिन्यात तिने दोनदा गॅस चालू ठेवला. एकदा शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा ताई न सांगता आईबाबांकडे गेली, तर शेगडीचे चारही बर्नर पेटलेले, वर एकही भांडं नाही आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालतेय. आई म्हणाली, “विसरले गं.” बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांना पत्ताच नव्हता. नसणारच. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं त्यांनी, पण घरात स्वतःचा चहा कधी केला नाही. साखरेचा डबा दाखवला तर ओळख करून द्यावी लागेल.

ताईने निकाल देऊन टाकला. आईला ती नेणार, बाबा माझ्याकडे येणार. तिच्याकडे एकाच माणसाची सोय आहे, माझ्याकडेही एकाचीच. म्हणजे या वयात दोघांची ताटातूट. हे मला अजिबात पटत नाही. मी म्हटलं, महिनाभर दम धर. मी शेगडीवर असा पहारेकरी बसवतो की आई विसरली तरी गॅस विसरणार नाही. वॉशिंग मशीनची कंट्रोल बोर्डं बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, शेगडीने काय घोडं मारलंय? ताई म्हणाली, “महिनाअखेर. त्यानंतर मी तुझं काही ऐकणार नाही.”

काम सोपं आहे. फक्त चिप कोणती घ्यायची ते ठरवायचंय.

५ मार्च, बुधवार

सोपं नाही.

योजना अशी: गॅसच्या नळीवर विजेची झडप. शेगडीच्या प्रत्येक बटणामागे छोटा स्विच, म्हणजे कुठला बर्नर उघडा आहे ते कळेल. आईच्या गळ्यात लॉकेटएवढा बिल्ला, त्यात रेडिओ, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा इशारा पाठवणारा. बर्नर उघडा आहे पण बिल्ला स्वयंपाकघरात नाही, असं काही मिनिटं राहिलं की झडप बंद आणि माझ्या फोनवर निरोप. सगळी बटणं बंद केल्याशिवाय झडप परत उघडायची नाही. हे सगळं बघायला एक मायक्रोकंट्रोलर हवा, म्हणजे नखाएवढा हिशेबनीस. इथवर मला सगळं कळतं.

पुढे गोंधळ. माझ्यासमोर तीन चिपा आहेत. धाकटी आमच्या वॉशिंग मशीनमध्ये असते. पिना मोजक्या, मेमरी बेताची, पण तिचा स्वभाव मला पाठ आहे. रेडिओ मात्र तिला बाहेरून जोडावा लागतो. मधलीला पिना भरपूर, वीज चिमणीएवढी खाते, पण तिचं माहितीपत्रक वाचता वाचता माझीच मेमरी भरली. थोरलीच्या पोटातच रेडिओ. मात्र तिला नुसतं उठवून बसवायला इतका प्रोग्रॅम लागतो, की लग्नघरच्या मोठ्या जाऊबाई बऱ्या.

आमच्या टेस्टिंग विभागात एक सहकारी आहे. त्याला सगळे शंकासुर म्हणतात. त्याला विचारलं तर म्हणाला, “आधी सांग, तुला नक्की काय ओळखायचंय?”

“आई ओट्यापाशी आहे की नाही.”

“आई? की माणूस?”

“घरात स्वयंपाक करणारं माणूस म्हणजे आईच ना,” मी म्हटलं. त्याने खांदे उडवले. त्याला उगाच फाटे फोडायची सवय आहे.

८ मार्च, शनिवार

मापं घ्यायला आईबाबांकडे गेलो. आई बटाटे सोलत होती आणि माझ्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारत होती.

“हे फोटो काढतं का रे?”

“नाही.”

“बोलणं ऐकतं?”

“नाही गं. तू जवळ आहेस की नाही एवढंच कळतं त्याला.”

“मीच ना? की कुणीही?”

“तूच. बिल्ला तुझ्या गळ्यात असेल ना.”

“म्हणजे गाईच्या गळ्यात घंटा,” ती म्हणाली आणि हसली. पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. अपमान वाटला असेल. मलाही वाईट वाटलं. पण करणार काय?

बाबांनी मात्र मनापासून रस घेतला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, तेव्हा वासाचा सेन्सर लावलास तर जमिनीजवळ लाव, असं सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बरं करतोयस. तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं. हल्ली फार विसरते.”

आईने पाठमोरंच उत्तर दिलं, “हो ना.”

निघताना बाबांनी विचारलं, “हा गॅस हवेपेक्षा जड की हलका?” त्यांची जुनी खोड. शिकवून झालं की उलटा प्रश्न. मी “जड” म्हटलं. “शाबास,” म्हणाले. पायात चपला घालेपर्यंत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा पास झालो.

१२ मार्च, बुधवार

धाकटी. ठरलं. ओळखीचा चोर बरा.

संध्याकाळी वाटलं, मधलीच घ्यावी. वीज गेली तर बॅटरीवर मधली जास्त टिकेल. मग वाटलं, वीज गेली की झडप मिटतेच, मग टिकून करायचंय काय? मग वाटलं, आपण हा विचार आधी का केला नाही? बायको म्हणाली, “साड्यांच्या दुकानात मला नावं ठेवतोस ना?”

धाकटीच.

१६ मार्च, रविवार

बसवली! आई बिल्ला घालून ओट्यापाशी उभी राहिली, दूध तापत ठेवलं. सगळं ठीक. मग तिला गच्चीवर पाठवलं. थोड्या वेळाने खट् आवाज झाला, झडप मिटली, ज्योत विझली, माझा फोन वाजला. बाबांनी परीक्षकासारखे हात मागे बांधून सगळं पाहिलं आणि “प्रथम श्रेणी” असा शेरा दिला. मला शाळेत असताना रसायनशास्त्रात त्यांनी इतके गुण कधी दिले नव्हते.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “महिनाअखेरपर्यंत चालू दे, मग बघू.” तिच्या आवाजात मला थोडी माया वाटली. भास असेल.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी कारखान्यात असताना निरोप आला: चारही बर्नर उघडे, बिल्ला नाही, झडप बंद. आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिने उचलला, आवाजात धाप.

“अगं, कुठे आहेस?”

“इथेच. ओट्यापाशी.”

“बिल्ला?”

“गळ्यात आहे रे. तुझं यंत्रच काहीतरी चुकतंय.”

मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न ऐकू आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असणार.

म्हणजे आई जागेवर, बिल्ला गळ्यात, आणि धाकटी म्हणते कोणी नाही. रेडिओ बाहेरून जोडलाय, त्या जोडात दोष असणार. शिवाय चारही बर्नर एकदम उघडे कसे? चिपची पिन नीट बांधली नाही तर ती भलतंच वाचते, तसंच झालं असेल. जेवताना मी हे तोंडातून निसटू दिलं. बायकोने चमचा खाली ठेवला.

“दोन माणसांच्या घरात चार बर्नर कोण लावेल?”

“तेच तर. कोणीच नाही. म्हणजे चिपचा दोष.”

ती म्हणाली, “आई खरंच ओट्यापाशी होत्या?” मला राग आला. माझी आई विसरेल, पण खोटं बोलणार नाही. तसं मी म्हटलं आणि ताटातल्या आमटीसारखा विषयही थंड झाला.

उद्यापासून मधली.

२१ मार्च, शुक्रवार

मधली बसवली ती काल संध्याकाळी. आज सकाळी पुन्हा तेच. चार बर्नर, बिल्ला नाही. आईचं पुन्हा तेच, “इथेच आहे रे.” या वेळी ती कुजबुजत होती. का ते विचारलं तर म्हणाली, “हे झोपलेत.” सकाळी साडेदहाला बाबा कधीपासून झोपायला लागले?

डोक्याचा पार भुगा झालाय. मधलीच्या पिना मी दोनदा तपासल्या. स्विच बदलले. नळीजवळ लोखंड फार आहे का, रेडिओ अडतो का, फ्रीजची मोटर त्रास देते का? आईला विचारलं, फ्रीज कधी चालू होतो. ती म्हणाली, “त्याच्या मनाला येईल तेव्हा.” माझ्या शंकांना अशी उत्तरं मिळतायत.

मला एक गोष्ट कळत नाही. संध्याकाळी किंवा रविवारी मी तिथे असताना यंत्र एकदाही चुकत नाही. माझ्यासमोर शहाण्यासारखं वागतं आणि पाठ वळली की खोड्या. चिपला माणूस ओळखता येत नसेल असं कोण म्हणेल?

२३ मार्च, रविवार

थोरली. आता काही विचार नाही. पोटातच रेडिओ, बिल्ला किती हातांवर आहे तेही सांगते.

ती बसवत असताना बाबा आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. थोडा वेळ बोर्डाकडे पाहून मला म्हणाले, “जर्नल पूर्ण केलंस का?”

मी म्हटलं, “सर, कुत्र्याने खाल्लं.”

ते हसले नाहीत. “मग प्रॅक्टिकलला बसता येणार नाही,” म्हणाले आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर गेले. इतका कोरडा विनोद करणं कुणाला जमत नाही. बाबांची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे, तेवढंच बरं वाटलं. आईच्या हातून त्याच वेळी झाकण पडलं. हल्ली तिच्या हातून वस्तूही पडतात. हे मी ताईला सांगणार नाही.

२५ मार्च, मंगळवार

थोरलीनेही तेच सांगितलं. तेच! बिल्ला हाकेच्या अंतरातसुद्धा नाही म्हणते.

शंकासुराच्या टेबलाशी जाऊन बसलो. त्याने तिन्ही बोर्डं हातात घेऊन पाहिली. “तीन वेगळ्या घरच्या चिपा,” तो म्हणाला, “एकीला दुसरीची भाषा येत नाही. त्या तिघी मिळून एकच चूक कशा करतील?”

मी विचार केला. बरोबर आहे त्याचं. तिघींत समान काय? माझा प्रोग्रॅम! नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय माझं. चिपांना उगाच दोष दिला. शंकासुर काहीतरी बोलणार होता, पण मी उठलोच.

प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. चूक सापडत नाही. महिना संपत आला. ताईचा निरोप आहे की तिने आईसाठी कपाटाचा खण रिकामा केला. आई तिच्याकडे, बाबा इथे. बाबांना आईशिवाय स्वतःचे मोजेही सापडत नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

रजा टाकून सकाळी न सांगता गेलो. चूक घडताना पकडायची, एवढंच डोक्यात होतं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आई भेटली. हातात भाजीची पिशवी, गळ्यात बिल्ला. मला बघून ती थबकली. मी म्हटलं, “अगं, मी घरीच येत होतो.” तेवढ्यात माझा फोन वाजला. चारही बर्नर उघडे, बिल्ला नाही, झडप बंद.

मी फोनकडे पाहिलं. तिच्या गळ्यातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आलं, आता चौथी चिप कुठली घ्यावी. मग आईचा चेहरा पाहिला. तो पांढरा पडला होता. तिने पिशवी माझ्या हातात कोंबली आणि ती धावत सुटली. गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कुरकुरणारी माझी आई.

स्वयंपाकघरात बाबा होते. दुमडलेल्या बाह्या, हातात लायटर. झडप मिटल्यामुळे ज्योती विझलेल्या. ते एकेक बटण फिरवून बघत होते, चारही, पुन्हा पुन्हा.

“गॅस कोणी बंद केला?” ते मला म्हणाले. “मुलं यायची वेळ झाली. चार टेबलं मांडायची आहेत. आणि तू आत कसा? बाहेर रांगेत थांब.”

आई पुढे झाली. धाप लागली होती तरी आवाज अगदी शांत. “सर, आज प्रॅक्टिकल नाही. मुख्याध्यापकांनी सुट्टी दिलीय.”

“असं? मला कुणी कळवलं नाही.”

“आत्ताच निरोप आला. बर्नर बंद करू या?”

“करा. बटणं नीट तपासा,” ते म्हणाले आणि लायटर तिच्या हातात देऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पेपर उघडला. तिने एकेक करून चारही बटणं बंद केली. ती हे आज पहिल्यांदा करत नव्हती. ते तिच्या हातांवरून कळत होतं.

मी ओट्याला टेकून रडलो. तिने रडू दिलं.

“तू का म्हणालीस, मी विसरते म्हणून?”

“मी विसरले म्हटलं की तुम्ही चिडता. यांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही घाबरला असता.”

“पण ताई तुला घेऊन जात होती ना!”

“मला नेलं असतं तर मी चार दिवसांत भांडून परत आले असते,” ती म्हणाली. “यांना नेलं असतं तर हे परत आले नसते.”

मग म्हणाली, ताईला सांगू नकोस. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. चिपांत तर नव्हतीच. तिघी रोज खरं सांगत होत्या की शेगडीपाशी आई नाही, आणि मी खरं बोलणाऱ्यांना एकेक करून घरी पाठवत होतो.

आता अट उलटी केली. आईचा बिल्ला स्वयंपाकघरात असेल तरच झडप उघडेल, एरवी मिटलेलीच. बाबांनी बटणं कितीही फिरवली तरी गॅस यायचा नाही. एका ओळीचा बदल. त्याला धाकटीसुद्धा पुरते. धाकटीच परत लावली. शंकासुराला सगळं सांगितलं. त्याने चहा पाजला. बायकोला सांगितलं तर तिचे डोळे भरले. तिला अंदाज होता म्हणे, पण माझ्या तोंडावर बोलायचा धीर झाला नाही. डॉक्टरांची वेळ तिनेच घेतली, बाबांसाठी.

ताईचं काय करू? आई म्हणते सांगू नकोस. सांगितलं नाही तर रविवारी ती आईला नेईल. सांगितलं तर बाबांना कुठे नेईल? यावर तिन्ही चिपांपैकी एकीकडेही उत्तर नाही.

३० मार्च, रविवार

ताई आली. हातात मोठी रिकामी बॅग, आईचे कपडे भरायला. मी तिला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. आईला दिलेला शब्द मोडला म्हणावं, तर मी शब्द दिलाच नव्हता. ताई पायरीवर बसली. म्हणाली, “त्या दिवशी मी आईला काय काय बोलले.” मग पदराने तोंड पुसून उठली.

आम्ही आत गेलो. आईने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती पाणी आणायला वळली. ताईने बॅग दाराशी ठेवली. बाबांनी पेपर खाली केला. बॅगेकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले. त्यांचा आवाज आज अगदी स्वच्छ होता, आम्ही लहान असतानाचा.

“हे बघ,” ते ताईला म्हणाले, “तुझ्या आईला न्यायला आलीस ते मला कळतंय. तिला कुठेही न्यायचं नाही. आणि तिच्यावर कुणी ओरडायचं नाही. विसरते ती, मला ठाऊक आहे. विसरणं हा काही गुन्हा नाही. मी आहे ना तिच्याकडे बघायला.”

आई पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“नाही बाबा,” ती म्हणाली, “कोणी ओरडणार नाही. तुम्ही आहात ना.”

बाबा समाधानाने बसले. आम्ही जेवून निघालो. ताईने बॅग रिकामीच परत नेली.